हे कोणाले लागते का?

आमच्या घरून कचरा निघत नसे. ही स्वच्छतेची बढाई नाही. कचरा निघायला आधी घरात काही असावं लागतं. तेलाचा डबा रिकामा झाला की तो पाण्याचा होई. पाण्याचा गळायला लागला की त्यात मिरचीचं रोप लागे. बूड पार गेलं की पत्रा उघडून न्हाणीच्या आडोशाला ठोकला जाई. आईचं लुगडं फाटलं की गोधडीत जाई, गोधडी विरली की तिचं पोतेरं, पोतेरं झिजलं की चुलीत, आणि चुलीतली राख भांड्यांना. राखेचं पुढे काय होई ते मला ठाऊक नाही. आईला ठाऊक असावं.

बाबा हिंगणघाटकडे एका कापसाच्या जिनिंगवर रात्रपाळीचे चौकीदार होते. मी पाच वर्षांची असताना ते वारले. वडनेरचं घर काकांनी आवरलं, म्हणजे त्यातून आम्हाला आवरलं. आई मला घेऊन वर्धेच्या कडेला, सावंगीच्या बाजूला आली. तिकडे शिकायला आलेल्या पोरांसाठी खानावळी निघत होत्या. त्यातल्या एकीत ती भांडी घासायला लागली. टिनाची एक खोली आणि आम्ही दोघी. दाराला कुलूप नव्हतं. शाळा सुटल्यावर कुलूप म्हणून मी बसत असे.

हे आधी सांगितलं, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते सर लहान पोरांना घरातल्या टाकाऊ वस्तूंचे पुतळे करायला शिकवत. आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या पोरांत टाकाऊ काहीच नसलेली मी एकटी होते.

सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत. एका मोठ्या दवाखान्यात ते आयुष्यभर स्टोअरकीपर होते. चादरी, बादल्या, खाटा सांभाळायच्या आणि त्या निकामी झाल्या की त्यांचं निर्लेखन करायचं, हे काम. निर्लेखन हा शब्द मी तिसरीत शिकले. एखादी वस्तू आता कोणाला लागत नाही असं कागदावर ठरवणं म्हणजे निर्लेखन. त्याला तीन सह्या लागत, असं सर सांगत. कमरेला किल्ल्यांचं एक मोठं कडं अडकवलेलं असे, त्यात किल्ली एकही नाही. निवृत्तीच्या दिवशी किल्ल्या जमा केल्या. कडं घरचं होतं म्हणून परत आणलं.

दर रविवारी सकाळी त्यांच्या पडवीत आठदहा पोरं जमत. मोठ्या पातेल्यात मैद्याची खळ शिजवलेली असे. भिंतीला टेकून मोडक्या छत्र्यांच्या काड्या, खराट्याच्या काड्या, सुतळीचे गुंडे. एवढं सरांचं. बाकी सगळं पोरांनी आपापल्या घरून आणायचं. रस्त्यावरचं उचललेलं चालत नसे, शेजाऱ्याचंही नाही. पोरं लहान होती, पण सर त्यांना 'अहोजाहो' करत.

"बोला कुमार, काय आणलं?"

"पेस्टच्या नळ्या. चार."

"चिठ्ठी?"

चिठ्ठीशिवाय वस्तू पडवी चढत नसे. पाठकोऱ्या कागदावर लिहायचं, 'ही वस्तू आमच्या घरी लागत नाही', आणि खाली घरातल्या प्रत्येकाची सही. सही येत नसेल त्याचा अंगठा. चिठ्ठी लिहिण्याआधी वस्तू हातात धरून घरात फिरायचं आणि मोठ्यानं विचारायचं, "हे कोणाले लागते का?" एकानं जरी 'लागते' म्हटलं तरी वस्तू जागेवर ठेवायची.

आईबाप कंटाळले होते. स्टोअरवाला येडा झाला, असं आमच्या गल्लीत सरसकट बोलत. एकदा किराणावाल्या शेटजींचा पोरगा साबणाची डबी घेऊन आला. चिठ्ठीवर पाच सह्या. सरांनी मोजल्या आणि विचारलं, "घरात माणसं किती?" तो म्हणाला पाच. तेवढ्यात फाटकातून त्याची आजी आली, डोक्यावरचा पदर सावरत, हातात ओला साबण.

"काऊन रे पोट्ट्या, माही साबणदानी कोठी नेली?"

"आजी, तू देवळात गेलती ना."

"मंग? देवळात गेली म्हून घरातून गेली का मी?"

सरांनी उभं राहून डबी आजीच्या हातात दिली. मग पोराकडे वळले. "कुमार, घरात माणसं सहा. जे बाहेर गेलंय तेही मोजायचं." आजी जाताना म्हणाली, "हा माणूस येडा नाई. बाकीचे हायेत." पुढे तिनं आपण होऊन मोडका चष्मा पाठवला, अंगठ्यासकट.

पुतळे कशाचे, तर घरातल्या माणसांचे. हत्ती, मोर, गणपती बंद. "घरातलं एक माणूस करा," एवढाच पाठ, वर्षानुवर्षं. आधी उभं करायचं. डब्यात वाळू भरून पाय जड करायचे, छत्रीच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर कागद आणि खळ, आणि मग घरून आणलेली वस्तू. पुतळा पडला की सर म्हणत, "तुमची काकू अशी पडते का? घरी जाऊन पाहून या, ती कोणत्या पायावर भार देते." पोरं खरंच पळत जाऊन पाहून येत. चेहरा करू देत नसत. "डोळे-नाक सगळ्यांले सारखंच असते. माणूस मागून ओळखू आलं पाहिजे." पूर्ण झालेले पुतळे पडवीच्या कठड्यावर रस्त्याकडे पाठ करून ठेवत. येणारेजाणारे सायकल थांबवून म्हणत, "अरे, हा तर आपला कंपाउंडर." पत्र्याचा डबा, खराट्याच्या काड्या आणि तुटका कंगवा एवढंच असे त्यात, पण वाकलेली मान कंपाउंडरचीच.

पहिले कितीतरी रविवार मी रिकाम्या हातानं गेले. घरी वस्तू धरून विचारत असे. आई चुलीपुढून न पाहता म्हणायची, "लागते."

"आई, हे फुटकं झाकण हाय."

"लागते."

"हे काय कामी लागते?"

"ते मी पाहीन. ठेव."

सर मला खळ ढवळायला बसवत. कधी 'काही तरी आणा' म्हणाले नाहीत. एकदाच म्हणाले, "कुमारी, तुमचं घर कडक आहे. आमच्या स्टोअरले असा माणूस पाहिजे होता."

सरांच्या स्वतःच्या घराचं मात्र उलट होतं. आत दोन खोल्या, दारापासून छतापर्यंत सामान. सरांच्या पत्नी, म्हणजे बाई, वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. कधी पडवीत तार कमी पडली, कापड कमी पडलं, की सर आत जात. आम्ही कान देऊन बसत असू. आतून आवाज येई, "हे कोणाले लागते का?" मग शांतता. बरीच. मग त्यांचाच आवाज, जरा हळू, "लागते." आणि सर हात हलवत बाहेर येत. "आज जमत नाही," म्हणत. आम्ही फ्रॉक तोंडात कोंबून हसायचो. शाळेत मधल्या सुट्टीत हाच खेळ खेळायचो. एक पोरगी विचारायची, दुसरी पाठ करून 'लागते' म्हणायची. मीही खेळले आहे.

आता माझ्या चोरीबद्दल.

बाबांची बॅटरी आईनं पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवली होती. तीन सेलची, लांब, पितळी. आत सगळा हिरवा गंज. ती पेटत नव्हती, कशाच्याही कामी येत नव्हती, म्हणजे माझ्या हिशेबानं ती आमच्या घरातली एकमेव टाकाऊ वस्तू होती. आईला विचारायचं राहिलं असं मी म्हणणार नाही. विचारलं नाही, कारण उत्तर ठाऊक होतं. चिठ्ठी लिहिली. माझी सही केली. आईच्या नावापुढे पेनाची शाई लावून माझाच अंगठा दाबला.

सरांनी चिठ्ठी उजेडात धरली. स्टोअरचं सामान देताना अंगठे घेण्यात त्या माणसाचं आयुष्य गेलं होतं, हे मला कुठून ठाऊक असणार.

"कुमारी, हा अंगठा कोणाचा?"

"आईचा."

"तुमच्या मातोश्री कितवीत आहेत?"

पोरं हसली. सर हसले नाहीत. बॅटरी रुमालात गुंडाळली, चप्पल घातली आणि म्हणाले, "चला."

खानावळीच्या मागे आई कोपरापर्यंत राखेत होती. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग रुमालाकडे.

"ताई, ही बॅटरी तुमची?"

"माह्या मालकाची होय."

"लागते का?"

"लागते."

"पेटते?"

"नाई."

"सेल टाकले तर?"

"आतून सडली हाय. आता कायची पेटते."

"मग काय कामी?"

आईनं हात लुगड्याला पुसले. "कामी नाई, काकाजी. लागते."

आत पोरं पोळीसाठी ताटं वाजवत होती. सरांनी रुमाल सोडला. मग दोन्ही हातांनी बॅटरी पुढे केली. "बरोबर आहे," म्हणाले.

परतताना रस्ताभर मी रडत होते. फाटकाशी आल्यावर सर म्हणाले, "कुमारी, अंगठा तुमची चूक. पण चिठ्ठी माझी चूक. लागते आणि लागत नाही, याच्या मधल्या वस्तू राहून गेल्या." त्या दिवशी त्यांनी दुसरी चिठ्ठी काढली. 'ही वस्तू आमच्या घरी लागते. संध्याकाळपर्यंत उसनी मिळावी.' अशा वस्तूला खळ लावायची नाही, खिळा मारायचा नाही, भोक पाडायचं नाही. फक्त सुतळीनं बांधायची. संध्याकाळी सोडून परत.

आई मला मारेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "काय करतं त्या बॅटरीचं?"

"बाबा."

मी म्हटलं, "पण मले त्यायचं काही आठवत नाई. कसे उभे राह्यचे?"

आईनं बाबांचं नाव आमच्या खोलीत तोवर काढलं नव्हतं. ती उठली. कोपऱ्यातली काठी घेतली. काठीवर एक हात, भार एका पायावर, बॅटरी काखेत दाबलेली, मान जरा वाकडी. "असा. अन् मंग बिडी पेटवे," म्हणाली आणि रिकाम्या ओंजळीत काडी ओढल्यासारखं केलं. माझी आई त्या खोलीत बाबा होऊन उभी राहिली होती. ठेंगणी, लुगड्यातली. मला बाबा दिसले.

पुढच्या रविवारी काठी, बॅटरी, त्यांचं घोंगडं आणि दोन विटा, सगळं सुतळीनं बांधून मी बाबा उभे केले. सरांनी हात लावला नाही. फक्त सुतळीची गाठ अशी मारायला शिकवली की एका ओढीत सुटेल. दहाच्या सुमारास आई आली. खानावळीचा खाडा करून, हात धुऊन. फाटकातच थांबली, मागून पाहत राहिली. मग पुढे येऊन म्हणाली, "पाय बदल. डाव्यावर राह्यचा तो." मी बदलला. ती पायरीवर बसली ती दुपार उतरेपर्यंत. सरांनी तिला चहा आणून दिला, शेजारी ठेवला, आणि आत निघून गेले. संध्याकाळी मी सुतळी ओढली. आईनं घोंगड्याची घडी केली, बॅटरी पुसली. आम्ही दोघी बाबांना घेऊन घरी आलो.

त्यानंतर आईनं एक ठरवलं. मला म्हणाली, "अंगठा कोनीबी करते. पोरगीनंबी केला. मले सही शिकव." चुलीपुढे राखेत तिनं नाव गिरवलं. तिला ते जमायला कितीतरी वर्षं लागली, कारण मध्येच ती रुसायची.

मी सातवीपर्यंत सरांकडे गेले. पुढे हायस्कूल, मग कॉलेज. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी तेव्हाही सांगत असे, आताही सांगते. तोवर पडवी ओसरली. पोरांना रविवारी टीव्ही होता, शिकवण्या होत्या. शाळेतल्या प्रकल्पासाठी थर्माकोल दुकानात तयार मिळे, त्याला आजीची सही लागत नसे. सर मात्र दर रविवारी खळ शिजवत. कोणी आलं नाही तर दुपारी तीच खळ गल्लीतल्या पोरांच्या पतंगांना वाटत. पतंगाचा मोसम नसला की फेकत. फेकण्याआधी विचारत असतील, अशी माझी खात्री आहे.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एका रविवारी सहज गेले. पडवीत कोणी नव्हतं. आतलं दार उघडं होतं. खुर्चीवर कोणीतरी बसलं होतं, दाराकडे पाठ करून. मी 'नमस्कार' म्हणून गेले आणि मग कळलं. निळं सुती पातळ, वर अर्धवट विणलेला स्वेटर, सुया त्यातच. बाजूला टेकवलेली बायकी छत्री. मान किंचित पुढे, विणकाम जवळून पाहणाऱ्या माणसाची. सगळं सुतळीनं बांधलेलं. स्टुलावर दोन कप, एक रिकामा, एक भरलेला, साय धरलेला.

सर मोरीतून हात पुसत आले. दचकले नाहीत. "संध्याकाळी सोडायची आहे," म्हणाले. मग विचारलं, "कुमारी, मागून ओळखू येते का?"

मी बाईंना कधी पाहिलं नव्हतं. "येते," म्हटलं.

सुतळी जागोजागी झिजून मऊ झाली होती. एका दिवसाची ती नव्हती.

त्याच वर्षी ते आमच्या घरी एक फॉर्म घेऊन आले. आईला म्हणाले, "ताई, मी गेल्यावर देह दवाखान्याले द्यायचा आहे. डॉक्टरकीची पोरं शिकतात त्याच्यावर. त्याले घरच्या दोन सह्या लागतात."

"घरच्या?"

"पुतण्या आहे सुरतेला. तो म्हणते, लोक काय म्हणतील. क्लार्कनं सांगितलं, जवळचं कोणी असलं तरी चालते." फॉर्म त्यांनी चटईवर सरळ केला. मग सवयीनं म्हणा किंवा गमतीनं, स्वतःच्या छातीवर दोन बोटं ठेवून म्हणाले, "हं. हे कोणाले लागते का?"

आई पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही.

"लागते."

सर हसले. मग हसू थांबलं. "काय कामी, ताई?"

"कामी नाई, काकाजी. लागते."

चुलीवर पोळी फुगली आणि करपायला लागली तरी कोणी उलटली नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग फॉर्मची घडी केली. "बरोबर आहे," म्हणाले, आणि पाणी मागितलं.

त्यानंतर ते महिन्या-दोन महिन्यांनी येत. फॉर्म खिशात. चहा होई, आई 'लागते' म्हणे, सर फॉर्म परत ठेवून निघत. जाताना चालायचा वेग वाढलेला असे. फॉर्मच्या घड्या फाटल्या, मी मागून कागद चिकटवून दिला. मैद्याच्या खळीनंच. पुढेपुढे ते फॉर्म आणायला विसरू लागले. विचारायला विसरत नसत.

मग एका थंडीत त्यांना धाप लागायला लागली. रिक्षातून आले, भिंतीला धरून बसले. "ताई, आज सही पाहिजे," म्हणाले. "नाही तर राहून जाईल. कामाची वस्तू वाया जाऊ नये."

आईनं हात धुतले, पदराला पुसले. मी पेन दिला. तिनं फॉर्म गुडघ्यावर घेतला आणि अडखळत म्हणाली, "सही करतो मी, काकाजी. पन लागत नाई म्हून नाई करून राह्यलो. हे ध्यानात ठेवजा."

"ठेवतो," सर म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. पुतण्या आला. कागद पाहिला आणि घडी करून आईला परत दिला. दवाखान्याची गाडी फाटकाशी लागली तेव्हा आई पडवीत उभी होती. सरांच्या कमरेचं रिकामं कडं पुतण्यानं हातात घेऊन सहज विचारलं, "हे कोणाले पाहिजे का?" आईनं हात पुढे केला. आता ते बॅटरीशेजारी पेटीत आहे.

मी बी.ए. झाले. पुढे डी.एड. करून आर्वीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. माझ्या वर्गातली पोरं घरातली माणसं करतात, आणि चिठ्ठीशिवाय वस्तू मी घेत नाही. सरांच्या देहावर पहिल्या वर्षाची मुलं शिकली. त्यांच्या कागदावर घरच्या म्हणून दोन सह्या आहेत. एक माझी, एक आईची. अंगठा नाही.